बांधावरची मोटरसायकल

मला शीळ ऐकू येत नाही. कुकरची येत नाही, कुणी तोंडाने घातलेली येत नाही, पाखरांचीही येत नाही. लहानपणी कान फुटायचे, त्यात वरच्या पट्टीतले आवाज कायमचे गेले. बाकी सगळं नीट ऐकू येतं, त्यामुळे लोकांच्या लक्षात येत नाही. घरात कुकरच्या शिट्ट्या बायको मोजते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो आवाज मला येत असता तर पुढचं काही झालंच नसतं.

आम्ही पेणला राहतो. मी डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे फिटर आहे. बायको गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, सोवळ्याचे काठ. मुलगी नर्सिंगला पुण्याला गेली आणि मागची पडवी रिकामी झाली. एखादी जुनी मोटरसायकल घरी आणावी, पार उघडावी, साफ करून पुन्हा जुळवावी आणि आपल्या अंगाच्या मापाची करून घ्यावी, असं माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. रिकामी पडवी बघून मी शोधायला लागलो.

माझ्या शिफ्टमधल्या एकाने रोह्यातलं एक घर सांगितलं. कुंडलिकेच्या बाजूला, गल्लीच्या टोकाला. घरमालक शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क होते. त्यांनी मला परसात नेलं. निळ्या प्लास्टिकखाली मोटरसायकल उभी होती आणि प्लास्टिकवर घेवड्याचा वेल चढला होता. साडेतीनशेचं एका सिलिंडरचं जुनं इंजिन, काळा रंग, दोन्ही चाकं रिमपर्यंत मातीत रुतलेली.

"काकांची आहे," क्लार्क म्हणाले. "काकांचं तिकडे खाडीकाठी, खारेपाटात दुकान होतं. ते गेल्यावर काकीला मी इकडे आणलं. सामानाबरोबर ही पण टेम्पोत आली. मी म्हटलं राहू दे तिकडेच, पण काकी ऐकेना."

काकी मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, केस अगदी पांढरे. आम्ही वेल सोडवत होतो ते त्या बघत राहिल्या. मग मला विचारलं, "कुठं नेणार?"

"पेणला."

त्यांनी थोडा विचार केला. "पेणला बऱ्याच गाड्या असतील रस्त्याला."

"खूप आहेत."

"मग न्या. पण हितं चालू करू नका."

इंजिन गच्च जाम झालेलं होतं, किक खाली जात नव्हती. मी हसून म्हटलं, "काकी, ही अजून दोन महिने तरी चालू होणार नाही." त्या हसल्या नाहीत. गाडी टेम्पोत चढवली तेव्हा त्या खुर्ची उचलून आत गेल्या.

पडवीत मी गाडी सुटी करायला घेतली. पिस्टन डिझेलमध्ये भिजत ठेवला, तो आठ दिवसांनी सुटला. चासीच्या कोपऱ्यांत खाडीची माती बसली होती, राखी रंगाची, वाळून दगड झालेली. खरवडताना जिभेवर मिठाची चव येत होती. टूलबॉक्समध्ये पाने-पक्कड काही नव्हतं. एक पितळेचा पेला होता, फडक्यात गुंडाळलेला. तो मी कार्बोरेटरचे बारीक भाग पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला घेतला.

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नव्हता. चालवणाऱ्याची सीट बऱ्यापैकी शाबूत होती. मागे बसणाऱ्याने धरायचा जो कातडी पट्टा असतो, तो पार झिजलेला होता. मधोमध दोरीएवढा बारीक झाला होता आणि त्यावर बोटांचे खोलगे पडले होते. दुकानात जाणारा, बाजारहाट करणारा माणूस कितीदा मागे कुणाला बसवील? आणि बसलेला माणूस इतकं घट्ट कशाला धरील? मी तो पट्टा काढून नवा शिवून घेतला.

सायलेन्सर जुनाच ठेवला. शेपटाकडे त्याला तडा गेला होता आणि कुणीतरी पिंपाच्या पत्र्याचं ठिगळ रिबिटांनी ठोकलं होतं. ठिगळाच्या एका कडेला नखाएवढी फट होती. पण क्रोम अजून चांगलं होतं, आणि जुन्या गाडीला नवा चकचकीत सायलेन्सर मला बघवत नाही. हॅंडल मात्र बदललं, पाठीला सोसेल असं उंच आणि मागे वळलेलं बसवलं. सीट रुंद केली. टाकी गर्द हिरवी रंगवली. टाकीवरची सोनेरी रेघ बायकोने हाताने ओढायची, असं आमचं ठरलं होतं. हजारो मूर्तींचे डोळे आखलेला तिचा हात. तिने ब्रश टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. हात ठरत नाय याच्यावर."

तिसऱ्या वेळी तिने रेघ ओढली. सरळ आली.

गाडी चालू झाली ती एका दुपारी, अकराव्या की बाराव्या किकला. मला खालचे ठोके छान ऐकू आले, एकेक सुटा, भरीव. मी बायकोकडे बघितलं. असल्या बाबतीत तिचे कान हेच माझे कान.

"ठोके चांगलेत," ती म्हणाली. "पण तुम्ही मूठ सोडलीत की शीळ येते."

"कसली शीळ?"

तिने मला पुन्हा वेगाची मूठ पिळायला आणि सोडायला लावलं. मी तसं केलं. तिने पदर मुठीत धरला.

"लांब आहे. खालून वर जाते आणि तिथंच थांबते. बाई हाक मारायला तोंड उघडते आणि हाक मारत नाय, तशी."

ती ठिगळाची फट, मी म्हटलं. वेग कमी केला की तिथून हवा जात असणार. मला येत नव्हती, म्हणून ती मला मोठी गोष्ट वाटली नाही.

पहिली फेरी जिते गावापर्यंत मारली. स्टेशनजवळ चहा घेतला. चार माणसं भोवती जमली, कुठली, कितीची, कोणत्या सालची, नेहमीचे प्रश्न झाले. मी खुशीत घरी आलो. पुढच्या रविवारी दुसरी बाजू बघावी म्हणून वडखळच्या रस्त्यावरून आत खाडीकडे वळलो.

फाल्गुनातली दुपार होती. दोन्ही बाजूंना मिठागरं, पाणी आटत आलेलं, पांढरी पडलेली वाफ्यांची तळं. रस्ता बांधावरून जातो आणि सारखा वळतो. प्रत्येक वळणावर मूठ सोडावी लागते. आता कळतं, की त्या प्रत्येक वळणावर शीळ वाजत होती आणि ती ऐकू न येणारा त्या टापूत मी एकटा होतो.

मीठ ओढणाऱ्या सहा-सात बायका वाफ्यात वाकल्या होत्या. मी दिसायच्या आधीच त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं गाडी बघायला. पण जवळ आलो तर त्यांतल्या वयाने मोठ्या दोघी-तिघी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या एकमेकींकडे बघत होत्या. मी पुढे गेलो तेव्हा आरशात बघितलं. अजून कुणी वाकलं नव्हतं.

गावात शिरलो. एका ओट्यावर म्हातारा बसला होता, त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एका घराचं दार आतून लागलं. मग एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध आली आणि हात आडवा धरून उभी राहिली. मला थांबावंच लागलं.

"कोनाकडं?" तिने विचारलं.

"कुणाकडे नाही. असाच फिरायला आलोय."

"फिराला?" तिला तो शब्द कळला नाही असं तिचं तोंड झालं. तिने हॅंडलला हात लावला. "नीट सांग बाबा. कोनाकडं?"

मी पुन्हा तेच सांगितलं. ती बाजूला झाली, पण माझ्यावर विश्वास ठेवून नव्हे. मला तिथून निघायची घाई झाली. पण रस्ता अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. म्हणून शेवटच्या घरापर्यंत गेलो. तिथे रस्ता संपतो आणि समोर खाडी लागते. त्या घराच्या अंगणात मूठ सोडली, थांबलो, गाडी वळवायला लागलो. घरातून एक माणूस बाहेर आला, उघडा, उजव्या हाताला भात लागलेला. जेवता जेवता उठला होता. तो काही विचारेना. नुसता उभा. त्याच्या मागे उंबऱ्यावर एक बाई हळूच खाली बसली.

"रस्ता संपला म्हणून वळवतोय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, तरी उभाच राहिला. मी निघालो. परत येताना मिठागराच्या बायका अजून तशाच उभ्या होत्या. मी त्यांना ओलांडून गेल्यावर मग त्या वाकल्या.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कुणीतरी वारलं असेल गावात, म्हणून तशी होती माणसं." तेवढ्यावर आम्ही सोडून दिलं.

मंगळवारी कंपनीत डबा खाताना एक जण माझ्याशेजारी येऊन बसला. वेल्डर आहे, चाळिशीचा, त्याच खारेपाटातला. आमची नुसती तोंडओळख होती.

"दादा, रविवारी आमच्याकडं मोटरसायकल घेऊन आलतात ती तुमची का?"

"हो. का?"

त्याने डबा बंद केला. "माझी आय दोन दिवस जेवली नाय."

मग त्याने सांगितलं. त्याच्या लहानपणी सगळ्या खाडीकाठात एकच फोन होता, एका दुकानदाराच्या दुकानात. मुंबईला, गुजरातला, जहाजावर कामाला गेलेल्या माणसांचे फोन तिथं यायचे. चांगली बातमी असली की दुकानदार कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती निरोप द्यायचा. पोरगी झाली, नोकरी लागली, सणाला येतो, हे सगळं निरोपावर. वाईट बातमी मात्र तो कुणाला सांगायला द्यायचा नाही. दुकान बंद करायचा, मोटरसायकल काढायचा आणि स्वतः जायचा.

"शीळ यायची लांबून," वेल्डर म्हणाला. "शीळ आली की अख्खं मिठागर उभं राहायचं. बांधावरनं गाडी यायची. ज्यांचं कोणी बाहेर नाय ती पण उभी. कोनाच्या दारात हळू होते ते बघायचं. तुमच्या दारावरनं पुढं गेली तं तुम्ही खाली बसायचं."

त्याचा बाप गोदीत कामाला होता. वेल्डर सहा वर्षांचा असताना गाडी त्यांच्या दारात हळू झाली. दुकानदाराने टूलबॉक्समधून पेला काढला, रांजणातलं पाणी घेऊन त्याच्या आईला दिलं, ती प्यायल्यावर मग सांगितलं. त्यानंतर तिला मागे बसवून पेणला नेलं, मुंबईची गाडी मिळावी म्हणून. सगळ्यांना तसंच न्यायचा.

मी पुढचं जेवलो नाही. त्या पट्ट्यावरचे बोटांचे खोलगे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि पेट्रोलमध्ये ठेवलेला तो पेला.

बुधवारी सुट्टी नव्हती, पण घरी आल्या आल्या मी सायलेन्सर काढला आणि पडवीतल्या खुंटीला तारेने टांगला. कार्बोरेटरही सोडवून टेबलावर ठेवला. पेला चिंचेने घासला, पाच-सहा वेळा घासला, पण पेट्रोलचा वास जाईना. आता ही गाडी या सायलेन्सरवर चालू करायची नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." आणि वेल्डरला सांगून ठेवलं, की शुक्रवारी सुट्टी आहे, तुझ्या आईला भेटायला येतो. माफी मागायची होती. ती जेवली नाही म्हटल्यावर ते टाळण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी मी रिक्षाने गेलो. वेल्डरची आई ओट्यावर बसली होती. पासष्टीची असेल, हातापायांना मिठाने पडलेल्या भेगा. मला बघून तिने पाणी दिलं. मी म्हटलं, "मावशी, मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातून चूक झाली. पुन्हा ती गाडी इकडे येणार नाही."

तिने रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं.

"मंग काल कशाला आनलीस?"

"काल?"

"काल दुपारी. आमी तिघी जनी व्हतो पटनीवर, मिठाच्या वाफ्यात. तिघींनी आयकली. शीळ आली, बांधावरनं गेली. दिसली नाय, नुसती आयकली. म्हटलं, येवढं सांगून पन आला बाबा."

मी वेल्डरकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. गुरुवारी दुपारी आम्ही दोघं डोलवीला एकाच टेबलावर डबा खात बसलो होतो. गाडी पडवीत कुलपात होती. सायलेन्सर खुंटीला, कार्बोरेटर टेबलावर.

"आये, दादा माझ्याबरोबर व्हते," तो म्हणाला. "दुसरी कसली तरी गाडी असंल गो."

"ती शीळ मी वळखीत नाय?" ती शांतपणे म्हणाली. "आपल्यावरनं पुढं गेली. शेवटच्या घराला हळू झाली. मंग आवाज बंद झाला."

मी विचारायचं नाही असं ठरवत होतो, तरी विचारलं. "शेवटच्या घरी काय झालं?"

शेवटच्या घरातला थोरला मुलगा गुजरातेत एका बंदरावर कामाला होता. गुरुवारी सकाळी तो तिथे पडून गेला. घरच्यांना मोबाइलवर कळलं ते दुपारी तीनच्या सुमाराला. बायकांनी शीळ ऐकली ती त्याच्या आधी, जेवणवेळेला. घराला आता कुलूप होतं. सगळे त्याला आणायला गेले होते.

त्या घराच्या अंगणात त्याच्या चारच दिवस आधी मी गाडी वळवली होती. हाताला भात लागलेला तो माणूस त्या मुलाचा बाप.

घरी येऊन आधी पडवी उघडली. सायलेन्सर खुंटीलाच होता. तार तशीच, मी पीळ दिला होता तशी. मी ठिगळाला हात लावला. थंड होतं. थंडच असणार, पण हात लावल्याशिवाय मला राहवलं नाही. बायको मागे येऊन उभी राहिली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रोह्याला जाऊन या. त्या बाईला विचारा."

रविवारी सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. काकी त्याच मागच्या दारात बसल्या होत्या. घेवडा आता नुसत्या काठीवर चढवला होता. क्लार्क आत चहा करायला गेले. मी खाली पायरीवर बसलो आणि झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "पेणला कुणाला कळणार नाय असं वाटलं मला. तू थेट तिकडंच घेऊन गेलास."

"ती शीळ त्यांनी दुरुस्त का नाही केली?"

"मी पण विचारलेलं. म्हणाले, असू दे. एकदम दारात जाऊन उभं राहिलं तर माणूस खचतो. लांबनं आवाज आला तर हातातलं काम खाली ठेवायला वेळ मिळतो."

मग त्यांनी आपलं आपण सांगायला सुरुवात केली. मी विचारलं नव्हतं. त्यांना एकच मुलगा होता. जहाजावर होता. दुकानापासून घर दोन गल्ल्यांवर, त्यामुळे काका घरी नेहमी चालत यायचे. मोटरसायकल घरी कधी आणायचे नाहीत. अशीच एक दुपार होती. काकी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. शीळ आली. त्यांनी मनाशी म्हटलं, अरे देवा, आज कोण. आवाज सगळ्या गावाला वळसा घालून येत होता. ज्या वाटेने जायचं कारण नाही, त्या वाटेने.

"इतक्या लांबनं का येतायत ते मला कळंना," काकी म्हणाल्या. "मग एकेक घर सोडत गाडी आमच्या गल्लीत शिरली. गल्लीत आमच्या पुढं घरच नाय. तेव्हा कळलं. मी सूप बाजूला ठेवलं."

"त्यांनी काय सांगितलं?"

"काय नाय. गाडी बंद केली आणि बसून राहिले वरती. सांगायचं काय उरलेलं? त्यांना तोंडानं बोलता येणार नव्हतं, म्हणून गाडीवर आले." त्यांनी लुगड्याची चुणी सारखी केली. "पुन्हा नाय चालवली. फोन पण काढून टाकला दुकानातला. त्यानंतर सगळीकडं फोन आलेच."

क्लार्क चहा घेऊन आले आणि उभेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनीही हे ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मला जे विचारायचं होतं ते मी चहा संपल्यावर विचारलं. "काकी, गुरुवारी गाडी माझ्या घरी होती. मग त्या बायकांनी काय ऐकलं?"

"मला काय ठाऊक?" त्या सहज म्हणाल्या. "मला तर अजून येते. हितं रोह्यात. दुपारची, सगळे झोपले की. मी हातातलं ठेवते आणि थांबते. मग पुढं जाते."

"पुढे म्हणजे कुठे?"

"ते मी बघत नाय."

निघताना त्यांनी मला थांबवलं. "ते नळकांडं घरात ठेवू नको. भंगारात पण देऊ नको, कोणीतरी गाडीला लावील. जिथलं हाय तिथं दे."

"आणि पेला?"

"पेला मला आणून दे," त्या म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात मी तो नेऊन दिला.

पेणमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मी नवा सायलेन्सर बनवून घेतला. आत जाळी, बाहेर जाड पत्रा, कुठे फट नाही. बायकोला पडवीत उभी करून तीनदा मूठ सोडली. तिने तिन्ही वेळा मान हलवली. शीळ नाही. जुना सायलेन्सर गोणपाटात बांधून मागच्या सीटवर घेतला आणि एका सकाळी वेल्डरला सांगून त्याच्या गावाकडे निघालो. मिठागराजवळ आलो, वळणावर मूठ सोडली. बायका वाकलेल्या होत्या. एकीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा फावडं ओढलं. एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की पुढच्या वळणावर मी मुद्दाम पुन्हा सोडून बघितली.

त्या आठवड्यात उधाणाने बांध फोडून खांड पाडली होती. गावातली पंधरा-वीस माणसं ती बुजवत होती. चिखलाची ढेकळं काढून हातोहात पुढे द्यायची आणि खांडीत दाबून बसवायची. वेल्डरच्या आईने गोणपाट सोडून बघितलं. सायलेन्सरला हात न लावता तिने बाकीच्या बायकांना बोलावलं. त्या पहिल्या रविवारी मला अडवणारी म्हातारीही आली. त्यांच्यात हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं, मला सगळं कळलं नाही. मग म्हातारीने ओल्या चिखलाचा गोळा घेतला आणि सायलेन्सरच्या तोंडात बोटांनी कोंबला. दुसरीने ठिगळाची फट लिंपली. एका माणसाने तो उचलून खांडीच्या तळाशी आडवा घातला. त्यावर ढेकळं पडायला लागली.

मीही पँट दुमडून रांगेत उभा राहिलो. शेवटच्या घरातला तो बाप माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता. डोक्यावर नुकते उगवलेले खुंट. आमची नजरानजर झाली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्याने ढेकूळ पुढे केलं. मी ते घेऊन पुढे दिलं. त्याने दुसरं दिलं.

तासाभरात खांड निम्मी भरली. ऊन चढलं होतं. तेवढ्यात एका बाईच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत फोन वाजला. ढेकूळ घेतलेले हात जागच्या जागी राहिले. रांगेतली प्रत्येक म्हातारी बाई आणि प्रत्येक म्हातारा माणूस तिच्याकडे बघत होता. तिने हात पदराला पुसले, फोन काढला, कानाला लावला. "हां," ती म्हणाली. मग पुन्हा "हां." आम्ही थांबलो होतो. माझ्या हातातल्या ढेकळातून पाणी गळून कोपरापर्यंत आलं होतं.

"शिलेंडरवाला हाय," ती म्हणाली. "इचारतो, घरात कोन हाय का."

"नाय म्हनून सांग," कुणीतरी म्हणालं, आणि पुढच्या माणसाने माझ्या हातातलं ढेकूळ घेतलं.